वाटाघाटींच्या मेजावरील संगणक

शासनसंस्थेला जे निर्णय घ्यावे लागतात त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार करता येतात. काही निर्णय नियमांनी बांधलेले असतात. निवृत्त कर्मचाऱ्याला वेतन किती द्यावयाचे, विजेच्या वापराची आकारणी किती करावयाची, आगगाडीतील कोणती आसने रिकामी आहेत, हे प्रश्न एकदा सूत्र ठरले की यंत्राकडे सोपविता येतात. दुसऱ्या प्रकारच्या निर्णयांना असे सूत्रच नसते. नदीचे पाणी दोन राज्यांत कसे वाटावे, कारखान्यांच्या धुरावर किती निर्बंध घालावेत, एखाद्या खनिजाच्या उत्पन्नातील वाटा कोणी किती घ्यावा, हे त्यांतले प्रश्न. येथे माहिती अपुरी असते, परिणाम वीस-पंचवीस वर्षांनी दिसावयाचे असतात, आणि मुख्य म्हणजे चांगला निर्णय कशाला म्हणावे याविषयीच संबंधितांत एकमत नसते.

अँथनी गॉरी आणि मायकेल स्कॉट मॉर्टन या दोन अभ्यासकांनी 1971 साली हा भेद व्यवस्थापनशास्त्राच्या क्षेत्रात स्पष्टपणे मांडला. संगणकांचा बहुतेक वापर पहिल्या प्रकारच्या कामांसाठी होत असून महत्त्वाचे निर्णय मात्र दुसऱ्या प्रकारात मोडतात, हे त्यांनी दाखवून दिले. या दुसऱ्या प्रकारात संगणकाने निर्णय घ्यावयाचा नसतो. निर्णय घेणाऱ्या माणसाला विचार करण्यास साहाय्य करावयाचे असते. अशा व्यवस्थांना 'निर्णयसाहाय्य प्रणाली' हे नाव तेव्हापासून रूढ झाले.

हे साहाय्य म्हणजे नेमके काय, ते कोणत्या अटींवर उपयोगी पडते आणि कोठे अपुरे ठरते, हे समजून घेण्यासाठी एक उदाहरण विशेष उपयुक्त आहे. ते आहे संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा परिषदेचे. त्यात भारताचाही महत्त्वाचा भाग होता.

समुद्रतळावरील धन

'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने 1872 ते 1876 या काळात महासागरांचे संशोधन केले. त्या सफरीत खोल समुद्राच्या तळावरून काळपट रंगाचे, बटाट्याएवढे गोटे वर काढण्यात आले. त्यांत मँगनीज, निकेल, तांबे आणि कोबाल्ट हे धातू असतात. सुमारे चार ते सहा हजार मीटर खोलीवर हे गोटे विस्तीर्ण प्रदेशांत पसरलेले आहेत. जवळजवळ शंभर वर्षे ते केवळ शास्त्रीय कुतूहलाचा विषय होते. 1960 नंतर मात्र तंत्रविद्या पुढे गेली, मोठ्या खाणकंपन्यांचे लक्ष त्यांच्याकडे वळले, आणि लगेच प्रश्न उभा राहिला : हे धन कोणाचे?

माल्टा या लहानशा देशाचे प्रतिनिधी आर्विड पार्डो यांनी 1 नोव्हेंबर 1967 रोजी संयुक्त राष्ट्रांत भाषण करून या प्रश्नाला वाचा फोडली. राष्ट्रीय हद्दींपलीकडील समुद्रतळ ही अखिल मानवजातीची सामाईक ठेव मानावी, असा त्यांचा आग्रह होता. 1970 च्या डिसेंबरात आमसभेने हे तत्त्व मान्य केले आणि 1973 मध्ये सागरी कायद्यासंबंधीची तिसरी परिषद सुरू झाली.

तत्त्व मान्य झाले, पण व्यवहार ठरविणे सोपे नव्हते. खाणकाम करण्याजोगे भांडवल व यंत्रसामग्री मूठभर श्रीमंत देशांच्या कंपन्यांपाशीच होती. बऱ्याच चर्चेनंतर असा मार्ग निघाला की, एक आंतरराष्ट्रीय प्राधिकरण असावे. त्याच्याशी करार करून कंपन्यांनी खाणकाम करावे. आणि प्राधिकरणाला त्यांनी उत्पन्नाचा काही वाटा द्यावा. हा वाटा किती व कोणत्या रूपाने द्यावयाचा, या एका प्रश्नावर वाटाघाटी अडून बसल्या.

तिढा

विकसनशील राष्ट्रांच्या बाजूने भारताने प्रस्ताव मांडला की, प्रत्येक खाणक्षेत्रासाठी कंपनीने आरंभीच 6 कोटी डॉलर भरावेत. या मागणीमागे केवळ लोभ नव्हता. कंपन्यांचे हिशेब कंपन्यांच्याच हाती असतात, नफा कागदावर हवा तसा दाखविता येतो, आणि एकदा खनिज बाहेर पडले की मूळ मालकाच्या पदरी फारसे काही पडत नाही, हा अनुभव वसाहतींच्या काळात अनेक देशांनी घेतलेला होता. हातात आलेली रक्कम हीच खरी, हे त्या अनुभवाचे सार होते. उलट अमेरिकेचे म्हणणे असे की, आरंभशुल्क मुळीच असू नये. नाहीतर कोणीही या धंद्यात उतरणार नाही.

दोन्ही बाजू आपापल्या जागी ठाम राहिल्या. याचे एक कारण असे की, समुद्रतळावरील खाणकाम जगात कोणीच केलेले नव्हते. खर्च किती येईल, नफा किती होईल, हे सांगणारा अनुभव उपलब्ध नव्हता. जी काही माहिती होती ती कंपन्यांकडची, आणि तिच्यावर विकसनशील राष्ट्रांचा विश्वास बसणे कठीण होते. अज्ञान आणि अविश्वास यांचा असा संयोग झाला की चर्चा आकड्यांची न राहता प्रतिष्ठेची होऊन बसते.

प्रतिमानाची घडण

याच सुमारास मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील प्राध्यापक जे. डी. नायहार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खोल समुद्रातील खाणकामाचे एक गणिती प्रतिमान तयार केले होते. ते 1978 मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकन शासनाच्या साहाय्याने झालेले हे काम मुळात त्या देशाच्या अंतर्गत उपयोगासाठी होते. परिषदेत मध्यस्थी करणे हा त्याचा हेतू नव्हता.

प्रतिमान म्हणजे एका काल्पनिक खाणउद्योगाचा आरंभापासून अखेरपर्यंतचा जमाखर्च. आधी काही वर्षे शोध आणि पाहणी. मग जहाजे, उपसायंत्रे आणि धातू वेगळे करण्याचा कारखाना यांची उभारणी. त्यानंतर अनेक वर्षांचे उत्पादन. या प्रत्येक टप्प्यावर किती खर्च येईल, गोट्यांत प्रत्येक धातूचे प्रमाण किती असेल, तो बाजारात कोणत्या भावाने विकला जाईल, कर किती बसेल, हे सारे आकडे संगणकात भरावयाचे. मग संगणक वर्षावर्षाचा हिशेब मांडून गुंतविलेल्या भांडवलावर शेकडा किती परतावा मिळेल ते सांगतो.

असा हिशेब कागदावर करता आला नसता असे नाही. पण एक आकडा बदलला की शेकडो आकडे बदलतात, आणि हाताने तो हिशेब पुन्हा मांडण्यास कित्येक दिवस लागतील. संगणकामुळे 'असे केले तर काय होईल?' हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे शक्य झाले. निर्णयसाहाय्य प्रणालीचे सारे मर्म या एका प्रश्नात आहे.

आकड्यांनी काय दाखविले

भारताच्या प्रतिनिधीने आपल्याच प्रस्तावाचा परिणाम काय होईल असे विचारले, तेव्हा प्रतिमानाने दाखविले की, खाणीतून पहिले उत्पन्न येण्यापूर्वी सुमारे पाच वर्षे एवढी मोठी रक्कम द्यावी लागली तर कंपनीला काम करणे जवळजवळ अशक्य होईल. याचे कारण एका साध्या उदाहरणाने समजेल. भांडवलावर दरसाल शेकडा 15 परतावा अपेक्षित आहे असे मानले, तर आज दिलेले 6 कोटी डॉलर पाच वर्षांनंतरच्या 12 कोटींच्या आणि दहा वर्षांनंतरच्या 24 कोटींच्या बरोबरीचे होतात. देणाऱ्याला एवढा मोठा भार वाटणारी ही रक्कम घेणाऱ्याच्या हाती मात्र 6 कोटीच पडते. तीच रक्कम उत्पादन सुरू झाल्यावर मागितली तर कितीतरी अधिक मागता येते आणि तरीही खाण बंद पडत नाही. हे ध्यानात आल्यावर भारताच्या प्रतिनिधीने आपल्या भूमिकेचा फेरविचार करण्याची तयारी दर्शविली.

परंतु प्रतिमानाने एकाच बाजूला धडा दिला असे नाही. अमेरिकन प्रतिनिधींची माहिती बहुतांशी खाणकंपन्यांकडून आलेली होती. काही प्रमाणात आरंभशुल्क दिले तरी उद्योगाला ते पेलवेल, असे प्रतिमानातून निष्पन्न झाले, आणि शुल्क मुळीच नको ही भूमिकाही टिकेनाशी झाली. आपला प्रस्ताव मागे घेताना कोणालाही प्रतिपक्षापुढे नमते घ्यावे लागले नाही. दोघांनीही नमते घेतले ते आकड्यांपुढे.

आणखी एक गोष्ट उघड झाली. वाटा कोणत्या रूपाने घ्यावयाचा यावरही त्याचा आकार अवलंबून असतो. समजा, दोन खाणक्षेत्रे आहेत. पहिल्यात वर्षाला 20 कोटींचा निव्वळ नफा होतो, दुसऱ्यात 5 कोटींचा. प्रत्येकाकडून 6 कोटींचे ठरीव शुल्क घेतले तर दुसरे क्षेत्र तोट्यात जाऊन तेथे काम सुरूच होणार नाही. प्राधिकरणाला फक्त 6 कोटी मिळतील. त्याऐवजी नफ्याच्या शेकडा 30 वाटा घेतला तर पहिल्याकडून 6 कोटी व दुसऱ्याकडून दीड कोटी, असे साडेसात कोटी मिळतील आणि दोन्ही क्षेत्रे चालू राहतील. मात्र नफ्यावर आधारलेल्या वाट्यात वाईट वर्षी काहीच हाती येत नाही, आणि हिशेबातील लबाडीची भीतीही असतेच. ठरीव रकमेत निश्चिती असते, पण लवचिकपणा नसतो.

सिंगापूरचे टॉमी कोह हे या विषयासाठी नेमलेल्या वाटाघाटी गटाचे अध्यक्ष होते. ठरीव वाटा आणि नफ्यातील वाटा यांचा मेळ घालणारी योजना त्यांनी याच जाणिवेतून आखली. 1982 च्या करारात ती पुढील स्वरूपात आली. अर्जाचे शुल्क 5 लाख डॉलर. वार्षिक ठरीव शुल्क 10 लाख डॉलर. उत्पादन सुरू झाल्यावर कंपनीने दोन मार्गांपैकी एक निवडावयाचा. पहिल्या मार्गात धातूंच्या बाजारमूल्याचा शेकडा 5 भाग पहिली दहा वर्षे आणि त्यानंतर शेकडा 12 द्यावयाचा. दुसऱ्या मार्गात हा भाग आधी 2 व पुढे 4, आणि त्याखेरीज खाणकामातून होणाऱ्या निव्वळ प्राप्तीतील वाटा. हा वाटा परताव्याप्रमाणे चढत जाणारा होता : आरंभीच्या काळात 35 पासून 50 पर्यंत, आणि गुंतवणूक व्याजासह वसूल झाल्यानंतर 40 पासून 70 पर्यंत. नंतरच्या काळात परतावा शेकडा 15 च्या खाली घसरला तर 4 चा भाग त्या वर्षापुरता पुन्हा 2 करावयाचा.

म्हणजे धंद्याची भरभराट झाली तर मानवजातीचा वाटा आपोआप वाढावा, आणि धंदा अडचणीत असेल तर त्याला श्वास घेता यावा. इतकी सूक्ष्म रचना दीडशेच्या आसपास राष्ट्रांच्या सभेत केवळ भाषणांच्या बळावर उभी राहणे कठीण होते.

विश्वास कसा निर्माण झाला

एका अमेरिकन संस्थेच्या संगणकावर विकसनशील राष्ट्रांनी विश्वास का ठेवावा, हा प्रश्न स्वाभाविक आहे. आरंभी तसा संशय होताही. तो दूर होण्यास तीन गोष्टी कारणीभूत झाल्या. प्रतिमान तयार करणारे लोक कंपन्यांचेही नव्हते आणि कोणत्याही शिष्टमंडळाचेही नव्हते. दुसरे असे की, प्रतिमानातील सर्व गृहीतके छापून प्रसिद्ध झालेली होती. ज्याला एखादा आकडा पटत नसेल त्याने तो बदलून पाहावा अशी मोकळीक होती. क्वेकर व मेथडिस्ट पंथीयांच्या संस्थांनी परिषदेबाहेर चर्चासत्रे घडवून आणली. तेथे कोणत्याही देशाचा प्रतिनिधी आपली अधिकृत भूमिका बाजूला ठेवून प्रश्न विचारू शकत असे. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, उत्तर दोन्ही बाजूंना गैरसोयीचे निघाले. एकाच पक्षाला नेहमी अनुकूल असे बोलणाऱ्या साक्षीदारावर कोणी विश्वास ठेवीत नाही.

आम्लवर्षेचा हिशेब

हाच अनुभव पुढे युरोपात वेगळ्या विषयात आला. कोळसा जाळल्याने निघणारा गंधकयुक्त धूर वाऱ्याबरोबर सीमा ओलांडून जातो आणि दुसऱ्या देशातील तलाव व अरण्ये आम्लवर्षेने दूषित करतो. याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार 1979 मध्ये जिनीव्हा येथे झाला. 1985 च्या हेलसिंकी मसुद्यात सर्वांनी 1980 च्या तुलनेने शेकडा 30 कपात करावी असा सरसकट नियम ठरला. नियम सोपा होता, पण न्याय्य नव्हता. कोणाच्या धुराने कोणाची जमीन बिघडते आणि कपातीला कोणाला किती खर्च येतो, याचा त्यात विचारच नव्हता. ब्रिटन व पोलंड यांनी त्यावर सहीही केली नाही.

व्हिएन्नाजवळ लाक्सेनबुर्ग येथे 1972 मध्ये पूर्व व पश्चिम गटांतील राष्ट्रांनी मिळून एक संशोधनसंस्था स्थापन केली होती. तेथे 1983 पासून 'रेन्स' हे प्रतिमान विकसित होऊ लागले. इंधनाचा वापर, त्यातून निघणारा धूर, वाऱ्याने होणारा त्याचा प्रवास, जमिनीवर पडणारे आम्ल आणि ते सोसण्याची त्या जमिनीची शक्ती, अशी संपूर्ण साखळी त्यात जोडलेली होती. प्रत्येक देशाला आपले आकडे तपासून दुरुस्त करता येत होते. 1994 च्या ऑस्लो मसुद्यात सरसकट टक्केवारी सोडून देऊन देशागणिक वेगवेगळ्या कपाती ठरविण्यात आल्या. त्यांचा पाया या प्रतिमानाने घातला होता. समान कपात म्हणजे समान न्याय नव्हे, ही गोष्ट संगणकाने नकाशावर दाखवून दिली.

यंत्राची मर्यादा

येथवरचे वर्णन वाचून संगणकाने प्रश्न सोडविले असा समज होण्याचा संभव आहे. समुद्रतळाच्या कराराचा पुढील इतिहास तो समज दूर करतो.

30 एप्रिल 1982 रोजी करारावर मतदान झाले. 130 मते अनुकूल पडली, 4 प्रतिकूल, आणि 17 राष्ट्रे तटस्थ राहिली. प्रतिकूल मत देणाऱ्यांत अमेरिका होती. तेथे 1981 मध्ये सत्तांतर झाले होते आणि नव्या शासनाने सर्व प्रश्नाचा नव्याने विचार आरंभिला होता. त्याचे मुख्य आक्षेप सक्तीचे तंत्रज्ञान-हस्तांतर, उत्पादनावरील मर्यादा आणि प्राधिकरणातील मताधिकार यांसंबंधी होते. हे प्रश्न परताव्याच्या टक्केवारीचे नव्हते, सत्तेचे होते. त्यांचे उत्तर कोणत्याही प्रतिमानात नव्हते.

दुसरा धक्का बाजाराने दिला. धातूंचे भाव अपेक्षेप्रमाणे चढले नाहीत. जो उद्योग लवकरच सुरू होईल असे सर्वांनी धरले होते, तो 2025 पर्यंतही व्यापारी प्रमाणावर सुरू झालेला नव्हता. 1994 मध्ये झालेल्या पूरक करारान्वये कोह यांच्या योजनेतील वाटपाची बहुतेक सर्व कलमे बाजूला ठेवण्यात आली. ज्या आकड्यांसाठी वर्षानुवर्षे वाद झाला त्यांप्रमाणे एक डॉलरही कोणाला द्यावा लागला नाही.

मग ते श्रम व्यर्थ गेले काय? तसे म्हणता येत नाही. वाटपाचा तिढा सुटला नसता तर सागरी कायद्याचा तो अवाढव्य करार पुरा होणे दुरापास्त होते. प्रादेशिक समुद्र, आर्थिक क्षेत्र, जहाजांचे मार्ग, प्रदूषण यांविषयीचे नियम त्याच करारात आहेत, आणि 16 नोव्हेंबर 1994 पासून तो अमलात आहे. भारतालाही त्याचा प्रत्यक्ष लाभ झाला. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या 'गवेषणी' या जहाजाने 26 जानेवारी 1981 रोजी हिंदी महासागराच्या तळावरून असे गोटे प्रथम वर काढले होते. 1987 मध्ये मध्य हिंदी महासागरातील दीड लाख चौरस किलोमीटरचे क्षेत्र भारताला 'आद्य गुंतवणूकदार' म्हणून मिळाले. पुढे त्यातील अर्धे सोडून देऊन उरलेल्या 75 हजार चौरस किलोमीटर क्षेत्राच्या संशोधनाचा करार 2002 मध्ये करण्यात आला. वाटपाच्या चर्चेत एके काळी केवळ घेणाऱ्यांच्या बाजूने बोलणारा देश अशा रीतीने उद्योजकांच्याही रांगेत येऊन बसला. गृहीतके किती वेगाने बदलतात याचे याहून बोलके उदाहरण शोधण्याची गरज नाही.

तात्पर्य

या इतिहासातून निर्णयसाहाय्य प्रणालीविषयी काही निश्चित गोष्टी हाती लागतात. संगणक भविष्य सांगत नाही. जी गृहीतके दिली असतील त्यांतून काय निघते एवढेच तो सांगतो. धातूंचा भाव चुकला तर उत्तर चुकणारच, मग यंत्र कितीही वेगवान असो. म्हणून उत्तराइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, लक्ष गृहीतकांकडे दिले पाहिजे. ती कोणी निवडली, कोणती वगळली, आणि ती बदलून पाहण्याचा अधिकार कोणाला आहे, हे प्रश्न तांत्रिक नसून लोकशाहीचे आहेत. ज्या प्रतिमानाचे अंतरंग केवळ तज्ज्ञांच्या किंवा सत्ताधाऱ्यांच्या हाती असते, ते निर्णयाला साहाय्य करीत नाही. आधीच घेतलेल्या निर्णयाला आकड्यांचा मुखवटा चढविते.

या दृष्टीने अलीकडची एक घटना लक्षणीय आहे. समुद्रतळावरील खाणकामाचे नियम ठरविण्याचे काम जमेकातील किंग्स्टन येथे आंतरराष्ट्रीय प्राधिकरणात दीर्घकाळ चालले असून 2025 अखेर ते पुरे झालेले नव्हते. या कामासाठी प्राधिकरणाने आर्थिक प्रतिमान करवून घेतले, तेही पुन्हा मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेकडूनच. त्यावरून सुचविलेला वाटा फार थोडा आहे, आणि समुद्राच्या जीवसृष्टीची होणारी हानी हिशेबात धरलेली नाही, असे आक्षेप आफ्रिकी राष्ट्रांच्या गटाने घेतले. सुमारे चाळीस वर्षांत एक बदल निश्चित झाला आहे. विकसनशील राष्ट्रे आता यंत्राचे उत्तर ऐकून थांबत नाहीत; ती प्रथम विचारतात की, या हिशेबात काय धरले नाही. समुद्रतळ ही सर्वांची ठेव असेल, तर तिच्या हिशेबाची वहीदेखील सर्वांना उघडता आली पाहिजे.